चमचा मोडीत घालण्याआधी उलटा करून बघा

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने मागच्या उन्हाळ्यात एका एस्टेट सेलमधून, म्हणजे घरातलं माणूस गेल्यावर अख्ख्या घराचं सामान विकायला काढतात तिथून, डबाभर काळे पडलेले काटे-चमचे उचलले आणि मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ताई, हे चांदीचं आहे का गं? का नुसता मुलामा?" दांड्यावर ना वेल ना बुट्टी, एकदम साधे, सगळी गंमत दांड्याच्या बाकात. मी म्हटलं आधी उलटा कर. मागे 'स्टर्लिंग' लिहिलेलं आणि शेजारी सिंह आणि टी अक्षर, म्हणजे मॅसॅच्युसेट्सची टाउल कंपनी. डिझाइन होतं 'कॉन्टूर', १९५० च्या सुमारास रॉबर्ट किंग आणि जॉन व्हॅन कोर्ट यांनी केलेलं. युद्धानंतरच्या अमेरिकन मॉडर्न चांदीत याचं नाव फार वर घेतलं जातं.

स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेले ७५ सहसा तांबं, कारण निव्वळ चांदी इतकी मऊ असते की काटा वाकेल. इंग्लंडमध्ये ॲसे ऑफिस कस तपासून शिक्का मारतं, जुन्या वस्तूंवर सोबत सालाचं अक्षरही असतं (१९९९ पासून ते सक्तीचं नाही), त्यामुळे त्यांचं वय लगेच कळतं. जुन्या डॅनिश चांदीवर तीन बुरुज आणि खाली सालाचे आकडे दिसतात. अमेरिकेत मात्र बनवणारा स्वतःच शिक्का मारतो, १९०६ च्या कायद्याने खोटा शिक्का हा गुन्हा झाला एवढंच, आणि साल बहुतेक वेळा नसतंच, मग डिझाइन कधी बाजारात आलं त्यावरून अंदाज बांधायचा. आणि नुसते आकडे बघून भुलू नका! जर्मन-ऑस्ट्रियन चमच्यांवर ९० लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं ९० टक्के चांदी, खरं म्हणजे १२ चमचे आणि १२ काटे अशा २४ नगांच्या मुलाम्याला मिळून ९० ग्रॅम चांदी वापरलीय असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या जर्मन सिल्व्हरचंही तसंच, त्यात चांदी अजिबात नाही, तांबं, निकेल आणि जस्त.

शिक्का घासून गेला असेल तर? मग आर्किमिडीजची युक्ती, वस्तू पाण्यात बुडवून तिची घनता काढायची. दागिन्यांचा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणारा. बहिणीने टीस्पून ठेवला, ३३.२ ग्रॅम. मग वजनकाट्यावर पाण्याने भरलेला उंच ग्लास ठेवून शून्य केला आणि चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात लटकवून धरला, तळाला किंवा काठाला टेकू द्यायचा नाही. काट्यावर आलं ३.२. ते चमच्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आणि १ ग्रॅम पाणी म्हणजे १ घनसेंमी, म्हणून घनता ३३.२ भागिले ३.२, साधारण १०.४. स्टर्लिंगची घनता हीच. जर्मन सिल्व्हरचा तेवढ्याच वजनाचा चमचा असता तर ३.८ आलं असतं, कारण त्याची घनता ८.७ च्या आसपास. मात्र ८०० कसाची चांदी आणि ९२५ कसाची यातला फरक या वजनकाट्याला पकडता येत नाही, तिथे शिक्का किंवा सराफच.

नेटवर बर्फाची टेस्ट सांगतात, चांदीवर बर्फ भराभर वितळतो. बरोबर आहे, चांदी उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत पहिली, पण तांबं तिच्या अगदी मागोमाग, त्यामुळे तांब्यावर मुलामा दिलेली वस्तूही ही परीक्षा पास होते. मी त्यावर विसंबत नाही. त्यापेक्षा चमच्याच्या पोटाचा मागचा भाग बघा, जिथे तो टेबलावर टेकतो. मुलामा असेल तर तिथेच आधी घासून आतला पिवळट किंवा तांबूस धातू डोकावतो. स्टर्लिंगमध्ये कधीकधी आतून जांभळट ढगासारखा डाग दिसतो, घडवताना तापवल्यावर आतल्या तांब्याचं ऑक्साइड झालेलं असतं, आणि हा डाग मला तरी आवडतो, तो कारागिराच्या भट्टीची खूण आहे.

आता किंमत. सगळ्यात खालची पायरी म्हणजे मोडीचा भाव, ५० ग्रॅमच्या काट्यात चांदी ४६.२५ ग्रॅम, गुणिले त्या दिवसाचा भाव. पण सुऱ्या यात धरू नका, इथेच लोक फसतात! सुरीचं पातं स्टीलचं, मूठ आतून पोकळ आणि राळ किंवा सिमेंटसारखं काहीतरी भरलेलं, वर चांदीचा पातळ पत्रा, म्हणून विकणारा सुऱ्यांसकट वजन सांगत असेल तर आधी त्या बाजूला काढा. मोडीच्या वर जी किंमत मिळते ती डिझाइनची. जॉर्ज जेन्सन या डॅनिश चांदी कंपनीसाठी डिझायनर हेनिंग कोपेलने केलेलं १९५७ चं 'कॅराव्हेल' किंवा सिग्वार्ड बर्नाडोट या स्वीडिश राजपुत्राचं १९३९ चं डिझाइन धातूच्या भावाने कोणी विकत नाही. कोरलेली आद्याक्षरं असली की भाव बहुतेक वेळा उतरतो, घासून काढलेली असली तर अजूनच, कारण तिथला धातू पातळ होतो. चमच्यावर तोंडाची वाफ सोडा, म्हणजे हाऽ करा, खोलगट जागा लगेच दिसते.

१९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली तेव्हा अमेरिकेत घराघरातल्या अशा सेटांची रीघ लागली भट्टीत, कोणी डिझाइन बघितलंच नाही. मला हे वाचून फार वाईट वाटतं, चांदी परत मिळते, तो बाक परत मिळत नाही.

बफिंग मशीनवर पॉलिश करून घेऊ नका, शिक्क्याच्या आणि कडांच्या धारा जातात. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने बनलेलं सिल्व्हर सल्फाइड. गरम पाणी, खायचा सोडा आणि तळाला ॲल्युमिनियम फॉइल, चमचा फॉइलला टेकवून ठेवायचा, गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी जागेवर राहते. फक्त पोकळ मुठीच्या सुऱ्या त्यात बुडवायच्या नाहीत, आतली राळ सुटते.

बहिणीने सेट ठेवून घेतला. गुढीपाडव्याला श्रीखंड त्याच चमच्यांनी वाढलं, आणि अंडाकरीच्या दिवशी ते कपाटातच राहतात, अंड्यातल्या गंधकाने एका जेवणात काळे होतात म्हणून.