आतड्यांत आवर घालणाऱ्या पेशी

1993 साली जर्मनीतल्या कोलोन शहरात संशोधकांनी उंदरांचं एकच जनुक निकामी केलं. इंटरल्युकिन-10 हे प्रथिन या जनुकावरून बनतं, आणि रोगप्रतिकारक पेशी ते वापरतात एकमेकींना ‘आता पुरे’ असं सांगण्यासाठी. जनुक गेलेली ही पिल्लं हळूहळू खंगत गेली. वाढ खुंटली, रक्त कमी झालं, आतड्यांना जबर सूज आली. त्यांना कुठलाही रोगजंतू टोचलेला नव्हता. पुढे अशाच उंदरांना जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलं, तेव्हा त्यांना आजार झालाच नाही. म्हणजे आतडं पेटलं होतं ते तिथे नेहमी राहणाऱ्या साध्यासुध्या जिवाणूंवरून.

माणसांतही हे घडतं. 2009 मध्ये काही लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्माच्या पहिल्याच वर्षात त्यांच्या आतड्यांना भयंकर सूज आली होती, भगंदर झालं होतं, औषधं लागू पडत नव्हती. त्यांच्या शरीरात इंटरल्युकिन-10 बनत होतं, पण दोष होता तो निरोप ऐकणाऱ्या ग्राहक प्रथिनात. एका मुलाला दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या. त्यांच्यापासून घडलेल्या रोगप्रतिकारक पेशींना हा निरोप ऐकू येत होता, आणि आतडं शांत झालं.

या दोन गोष्टी मी आधी सांगितल्या, कारण निरोगी आतड्यातली शांतता आपण गृहीत धरतो. ती आपोआप नसते. ती रोज राखावी लागते.

आपल्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू आहेत आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. त्यांच्या आणि आपल्या रक्तामांसाच्या मध्ये अस्तराच्या पेशींचा अवघा एक थर असतो, तोही दर तीन ते पाच दिवसांनी नवा होणारा. थरावर चिकट श्लेष्म असतं, आणि त्यात रोज काही ग्रॅम प्रतिपिंडं पाझरतात, जिवाणूंना अस्तरापासून लांब ठेवायला. आणि थराच्या लगेच खाली शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा सगळ्यात मोठा जमाव. इतक्या जवळ असूनही त्या तुटून का पडत नाहीत?

कोलोनचा प्रयोग झाला त्याच वर्षी कॅलिफोर्नियात फिओना पॉव्री आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाला फार सुंदर रीतीने हात घातला. निरोगी उंदराच्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार, त्यांनी घेतल्या आणि पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या कमीजास्त प्रमाणावरून त्यांचे दोन गट केले. ज्यांच्यावर हे प्रथिन भरपूर, तेवढ्याच पेशी त्यांनी स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या. काही आठवड्यांत ते उंदीर वाळू लागले, मोठं आतडं सुजलं, जुलाब लागले. मग दुसऱ्या उंदरांना दोन्ही गट एकत्र दिले. हे उंदीर ठणठणीत राहिले. लक्षात घ्या, दोन्ही गट आले होते एकाच निरोगी उंदरातून. आजार घडवू शकणाऱ्या पेशी त्याच्या अंगात होत्याच, फक्त त्यांना आवर घालणाऱ्याही होत्या.

या आवर घालणाऱ्या पेशी म्हणजे नियामक टी पेशी. 1995 मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी त्यांची ओळख पटवणारी खूण दाखवून दिली. 2001 मध्ये मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांचं सूत्रधार जनुक, फॉक्स-पी-3, शोधलं. ते एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्यातल्या दोषाचा फटका मुलग्यांना बसतो: तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, मधुमेह, त्वचेवर इसब. या तिघांना 2025 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

काही नियामक पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीतून तयार होऊन येतात. आतड्यातल्या बऱ्याचशा मात्र तिथेच घडतात, आणि मला या विषयात सगळ्यात थक्क करतं ते हेच. अस्तराखालच्या डेंड्रायटिक पेशी अन्नाचे सूक्ष्म अंश उचलतात आणि आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लसिका ग्रंथींकडे निघतात. तिथे अजून काहीच न शिकलेल्या टी पेशी असतात. डेंड्रायटिक पेशी त्यांना तो अंश दाखवते आणि सोबत अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं रेटिनॉइक आम्ल सोडते. शेजारी टीजीएफ-बीटा हे प्रथिन हजर असेल, तर टी पेशीतलं फॉक्स-पी-3 जागं होतं आणि ती नियामक बनते. त्याच रेटिनॉइक आम्लामुळे तिच्या पृष्ठभागावर आतड्याचा पत्ताही उमटतो, त्यामुळे रक्तातून फिरून ती बरोबर आतड्यातच परतते. अन्नाऐवजी जिवाणूंचे अंश दाखवायचे असतील तर काम वेगळ्याच पेशी करतात, हे न्यूयॉर्कमधल्या तीन प्रयोगशाळांनी 2022 मध्ये उंदरांत दाखवलं. त्या नेमक्या कोणत्या कुळातल्या, यावर तिघांचं एकमत नाही.

जिवाणूही यात गप्प बसलेले नाहीत. जपानच्या केन्या होंडा यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं की क्लॉस्ट्रिडिया गटातले जिवाणू उंदरांच्या मोठ्या आतड्यात नियामक पेशी वाढवतात. 2013 मध्ये त्यांनी माणसाच्या मलातून असे 17 वाण वेगळे केले. त्याच वर्षी त्यामागचं एक कारणही सापडलं. भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. शिवाय ते टी पेशीत शिरून डीएनएची गुंडाळी सैल ठेवतं, त्यामुळे फॉक्स-पी-3 चं जनुक वाचलं जाणं सोपं होतं. यातले बहुतेक पुरावे उंदरांतले आहेत, त्यामुळे एखादी पूड खाऊन कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, बरा होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

‘इम्युनिटी वाढवा’ अशा जाहिराती पाहिल्या की मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजारांचे रुग्ण आठवतात. त्यांची प्रतिकारशक्ती आतड्यात कमी पडलेली नाही, तिच्यावरचा ताबा सुटलेला आहे. म्हणूनच त्यांना ती दाबणारी औषधं द्यावी लागतात, आणि आपल्याकडे इथेच मोठी अडचण येते. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दुर्बिणीतून अनेकदा सारखेच दिसतात. क्षयालाच क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर क्षय फोफावतो. दाह वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनं तर शरीरात वर्षानुवर्षं झोपलेला क्षयही जागा करू शकतात. म्हणून डॉक्टर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या चाचण्या करायला सांगतात. हा वेळकाढूपणा वाटून रुग्ण कंटाळतात, पण त्या चुकवू नयेत. व्हेडोलिझुमॅब या औषधाची रीत वेगळी आहे. टी पेशींवर उमटलेला तो आतड्याचा पत्ताच ते झाकून टाकतं, त्यामुळे दाह घडवणाऱ्या पेशी रक्तातून आतड्यात फारशा उतरत नाहीत आणि बाकीच्या शरीराचं संरक्षण बरंचसं शाबूत राहतं.