पार्श्वभूमी : इलियट काउंटीने पक्ष कधी सोडला?

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या ईशान्येला, डोंगराळ भागात इलियट काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) आहे. वस्ती जेमतेम साडेसात हजार, जवळपास सगळी गोरी, आणि मुख्य ठिकाण सँडी हुक. काउंटी 1869 मध्ये स्थापन झाली. 1872 पासून 2012 पर्यंतच्या 36 अध्यक्षीय निवडणुकांत तिने प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक उमेदवारालाच कौल दिला. 1972 मध्ये रिपब्लिकन उमेदवाराने 50 पैकी 49 राज्ये जिंकली, त्या लाटेतही ती हलली नाही. 2016 मध्ये मात्र तिथली सुमारे 70 टक्के मते रिपब्लिकन उमेदवाराला गेली आणि एका रात्रीत उलथापालथ झाल्याच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या.

हे ‘एका रात्रीत’ काही खरे नाही. 2008 मध्ये इथे डेमोक्रॅटिक उमेदवाराला 61 टक्के मते होती. 2012 मध्ये ती 49.4 वर आली आणि आघाडी उरली अडीच टक्क्यांची. उतार सुरू झालेला होता. बाहेरच्यांचे लक्ष फक्त जिंकलेल्या काउंट्यांच्या यादीकडे होते.

पक्षनिष्ठेची सुरुवात यादवी युद्धानंतरच्या गटबाजीत शोधली जाते आणि त्यात तथ्य आहे. पण ती निष्ठा विसाव्या शतकात टिकली ती तंबाखूमुळे. 1938 च्या शेती कायद्याने तंबाखूला कोटा, म्हणजे पिकवण्याची ठरलेली मर्यादा, आणि हमीभाव दिला. हा कोटा जमिनीला जोडलेला होता. उतारावरच्या शेतकऱ्याकडे अर्ध्या एकराच्या आसपास बर्ली तंबाखू असायचा. झाडे तोडून काठ्यांवर ओवायची, कोठारात उंच आडव्या वाशांवर टांगून वाळवायची, थंडीत पाने खुडून जुड्या बांधायच्या आणि लिलावाला न्यायच्या. नाताळच्या सुमारास हाती येणाऱ्या त्या पैशातून वर्षाची देणी फिटत. ही व्यवस्था डेमोक्रॅटिक पक्षाने आणली, हे कुणाला सांगावे लागत नसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कोट्याला कात्री लागत गेली. 2004 च्या कायद्याने कोटापद्धतच मोडीत काढली. मोबदला म्हणून कोट्याच्या मालकाला पौंडामागे 7 डॉलर आणि पिकवणाऱ्याला 3 डॉलर मिळाले, तेही दहा वर्षांच्या हप्त्यांत. छाटलेल्या कोट्याने मेटाकुटीला आलेल्या बऱ्याच शेतकऱ्यांनाही ही सुटका हवी होती, हे मान्य केले पाहिजे. पण शेवटचा हप्ता 2014 मध्ये संपला आणि सरकार व छोटे शेत यांना बांधणारा धागाही संपला. डिसेंबर 2015 मध्ये जवळच्या अ‍ॅशलंड शहरातल्या पोलाद कारखान्याची झोतभट्टी बंद झाली. त्यानंतर अकरा महिन्यांनी मतदान होते.

खरा गोंधळ आहे तो ‘नोंदणीकृत डेमोक्रॅट’ या आकड्याचा. 2016 मध्येही इथल्या मतदारयादीत डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांचे मोठे बहुमत होते. त्यावरून ‘आपल्याच पक्षाला फसवणारे मतदार’ असा शिक्का मारला गेला. तो अन्यायाचा आहे. केंटकीत मतदारयादीत नावासोबत पक्षही नोंदवला जातो. मे महिन्यातली प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे मतदान, बंदिस्त असते : ज्या पक्षाखाली तुमचे नाव आहे, त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. मे महिन्यात मत द्यायचे तर आदल्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत पक्ष ठरलेला हवा, ऐन वेळी बदलून चालत नाही. आता काउंटीचा शेरीफ, जेलर, क्लार्क, न्यायाधीश-कार्यकारी (काउंटीचा प्रशासन प्रमुख) अशी सगळी पदे पक्षाच्या तिकिटावर लढवली जातात. रिपब्लिकन उमेदवारच उभा नसेल, तर खरी लढत मे महिन्यातच आटोपते. अशा ठिकाणी नाव रिपब्लिकन म्हणून नोंदवले, तर रस्ता दुरुस्त कोण करणार आणि तुरुंग कोण चालवणार हे ठरवण्याचा हक्कच गेला. मग वॉशिंग्टनबद्दल मत काहीही असो, माणूस वडिलांच्या काळची नोंदणी तशीच ठेवतो. ही यादी म्हणजे गावकारभारात भाग घेण्याचा परवाना; तिच्यावरून देशाच्या राजकारणातला कल मोजणे मुळातच चूक. राज्यभराच्या यादीत रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांना मागे टाकले ते 2022 मध्ये, म्हणजे मतपेटीत मागे टाकल्याला कित्येक वर्षे उलटल्यावर.

शेजारच्या रोवन काउंटीत 2015 मध्ये समलिंगी विवाहाच्या परवान्यांवरून पेटलेला वाद, कोळसा उद्योगावरच्या निर्बंधांविषयीची नाराजी ही कारणेही पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. पण तशीच नाराजी असलेल्या इतर डोंगरी काउंट्या आधीच फिरल्या होत्या. इलियट मागे राहिली, त्याचे एक कारण सँडी हुकचाच एक आमदार होता. 1987 पासून तो राज्याच्या प्रतिनिधीगृहात होता, पुढे तिथला पक्षनेता झाला आणि घरोघरी ओळखीचा होता. 2019 मध्ये गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत लढतीत तो हरला. तरी त्या नोव्हेंबरात इलियटने गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारालाच आघाडी दिली. नव्या गव्हर्नरच्या कार्यालयात जाण्यासाठी आमदाराने जागा सोडली आणि फेब्रुवारी 2020 च्या पोटनिवडणुकीत ती रिपब्लिकनांनी घेतली.