प्रेस स्टार्ट २पी

प्रेस स्टार्ट २पी हा पिक्सेलच्या, म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या, अक्षरांचा ठसठशीत फॉन्ट आहे. नामको या जपानी कंपनीच्या १९८० च्या दशकातील आर्केड खेळांत, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, जी अक्षरे पडद्यावर दिसत, त्यांच्यावरून कोडमॅन३८ या टोपणनावाने काम करणाऱ्या रचनाकाराने तो तयार केला. ओपन फॉन्ट परवान्याखाली तो मोफत मिळतो आणि गूगल फॉन्ट्सच्या संग्रहातही आहे. जुन्या व्हिडिओ गेमची आठवण करून देणारी शीर्षके, पोस्टर, टी-शर्ट आणि नव्याने बनणारे छोटे खेळ यांत तो सर्रास आढळतो.

या अक्षरांचे मूळ वळण मात्र नामकोचे नाही. अटारी या अमेरिकी खेळ-कंपनीची उपकंपनी असलेल्या ‘की गेम्स’ने १९७६ साली ‘क्विझ शो’ नावाचा प्रश्नमंजूषेचा खेळ काढला. त्याची अक्षरे लाइल रेन्स यांनी आखली. खेळ वाचण्याचा होता, त्यामुळे अक्षर चटकन ओळखू येणे भागच होते. पुढे नामकोने हेच वळण उचलले आणि १९८० च्या ‘पॅक-मॅन’मधून ते जगभर पोचले. इतर कंपन्यांनीही थोड्याफार फरकाने ते वापरले.

प्रत्येक अक्षर ८ × ८ घरांच्या चौकटीत बसते. त्यातली प्रत्यक्ष अक्षराची घरे ७ × ७. उरलेली एक ओळ आणि एक स्तंभ शेजारच्या अक्षरांपासून अंतर राखतात. एका ओळीच्या ८ घरांना एक बाइट धरला, तर एकरंगी अक्षर ८ बाइटांत मावते आणि २६ रोमन अक्षरे व १० अंक मिळून २८८ बाइट लागतात. स्मृती महाग असलेल्या त्या काळात हा हिशेब फार मोलाचा होता. म्हणूनच मोठी आणि लहान लिपी असा भेद न ठेवता अनेक खेळांनी फक्त मोठ्या अक्षरांवर भागवले.

अक्षरांचा जाडपणा हौसेपोटी आलेला नाही. यातल्या उभ्या रेघा दोन ठिपक्यांच्या आणि आडव्या एकाच ठिपक्याच्या असतात, याचे उत्तर जुन्या पडद्यांच्या पिक्चर ट्यूबमध्ये सापडते. तिच्यातला इलेक्ट्रॉनचा झोत आडवा सरकत चित्र रंगवतो. आडवी रेघ काढताना तो सलग पेटलेला राहतो, त्यामुळे रेघ उजळ दिसते. एका ठिपक्याच्या उभ्या रेघेसाठी मात्र त्याला क्षणात पेटून क्षणात विझावे लागते. तेवढा वेग चित्राच्या विद्युत संकेताला पेलत नाही, रेघ मंद आणि पसरट होते. उभी रेघ दुप्पट केली की हा दोष झाकला जातो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची एकेरी रेघांची अक्षरे शेजारी ठेवून पाहिली, की हा फरक लगेच कळतो. शून्याचा आकार मुद्दाम किंचित तिरका ठेवला आहे, म्हणजे तो ‘ओ’पासून वेगळा ओळखता येतो. गुणसंख्या दाखवणाऱ्या पडद्यावर ही काळजी फार शहाणपणाची होती.

याच काळात संगणकांच्या जगातही ठिपक्यांच्या अक्षरांवर मनापासून काम झाले. सुझन केअर यांनी ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी ‘शिकागो’ हे ठळक वळण आखले. २००१ च्या आयपॉडवरही तेच होते. ठिपक्यांचे काम त्यांना मोझेक आणि भरतकामासारखे वाटे. दोसुतीच्या कापडावर घरे मोजत फुल्या घालून ‘सुस्वागतम्’ भरणाऱ्यांना ही तुलना वेगळी समजावावी लागणार नाही.

वापरताना आकार ८ च्या पटीतच घ्यावा: ८, १६, २४, ३२ पिक्सेल. मधला आकार घेतला की कडा धूसर होतात आणि फॉन्टची सगळी शान जाते. प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी असल्याने ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर १६ पिक्सेल आकारात ओळीत जेमतेम २२ अक्षरे बसतात. म्हणून हा शीर्षकाचा फॉन्ट. परिच्छेद यात लावू नयेत, दोन-तीन ओळींतच डोळे थकतात.

या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मराठी शब्द टाकला की ब्राउझर तो दुसऱ्याच फॉन्टमध्ये दाखवतो आणि शीर्षक विजोड दिसते. ८ ओळींत देवनागरी कोंबताही येत नाही: ‘दादर’ कसाबसा बसेल, पण ‘चर्चगेट’ला शिरोरेघेच्या वर रफार आणि मात्रा हव्यात, ‘कुर्ला’ला तर वर रफार आणि खाली उकार. जपानी खेळांनी काना लिपीची वरची चिन्हे पुष्कळदा अक्षराच्या डोक्यावरच्या वेगळ्या चौकटीत ठेवून वाट काढली. आपल्या सलग शिरोरेघेला आणि जोडाक्षरांना तेवढ्याने भागत नाही. त्यामुळे अशी देवनागरी आखायची तर साधारण १६ ओळींची उंची धरावी आणि रोमन अक्षरांच्या ७ ओळी शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या उंचीशी जुळवाव्यात. ठिपक्याचा आकार दोन्ही लिप्यांत एकच ठेवावा. रोमन अक्षरे दुप्पट फुगवून देवनागरीशेजारी बसवली तर चौकोन लहान-मोठे होतात आणि दोन्ही लिप्या परक्या वाटतात.