१२ च्या जागी १६ टाकू का? पुलाच्या डेकचं स्टील बदलायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे डिझाइन घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर आणि साइट इंजिनियर मंडळींसाठी

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. "साहेब, कळंबोलीच्या स्टील मार्केटला १२ एमएम मिळत नाहीये, १६ पडलंय साइटवर, १०० च्या ऐवजी १७५ वर बांधू का, एरिया तर तेवढाच येतोय." आणि फोन येतो तेव्हा शटरिंग लागलेलं असतं, गँग बसून असते आणि आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी दुसऱ्या दिवशीची सांगितलेली असते. आम्ही फोनवर हो म्हणत नाही, मग ग्राहक नाराज होतात, म्हणून एकदाच नीट लिहून देतोय.

(१०० किंवा १७५ म्हणजे दोन सळ्यांमधलं मिमीतलं अंतर, त्यालाच पिच म्हणतात; एरिया म्हणजे सळ्यांच्या छेदाचं क्षेत्रफळ.) एरियाचा हिशोब तुमचा बरोबरच असतो. १२ एमएम १०० वर म्हणजे मीटरला ११३१ चौरस मिमी आणि १६ एमएम १७५ वर म्हणजे ११४९, उलट थोडं जास्तच. वजनही जवळपास तेच, ८.८८ किलोच्या जागी ९.०३. बांधायला मीटरमागे दहा सळ्यांच्या जागी सहाच्या आत येतात म्हणजे गँगचा वेळ वाचतो, हे आम्हाला कळतं. पण डेक स्लॅब, म्हणजे ज्यावरून गाड्या जातात तो पुलाचा स्लॅब, फक्त एरियावर पास होत नाही.

काँक्रीट ताणात आलं की त्याला बारीक तडे जाणारच, ते अडवता येत नाहीत, ते किती रुंद होऊ द्यायचे एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते काम सळईच्या पकडीवर चालतं. पकड म्हणजे सळईचा काँक्रीटला लागलेला पृष्ठभाग. १२ एमएमच्या दहा सळ्यांचा घेर मिळून मीटरला ३७७ मिमी होतो, १६ च्या १७५ वरच्या सळ्यांचा २८७. एरिया तोच राहिला पण पकड जवळजवळ पाव हिश्शाने गेली! मग तडे कमी जातात पण लांब-लांब आणि रुंद जातात. आम्ही २२५ मिमी जाडीच्या स्लॅबला, ५० मिमी कव्हर (सळईवरचं काँक्रीट) धरून, हा बदल करून बघितला तर तड्याची रुंदी साधारण १२ टक्क्यांनी वाढते. म्हणजे डिझाइनमध्ये ०.१८ मिमी आलेली असेल तर ती ०.२ च्या वर जाते. आणि आपल्याकडे, ठाणे खाडीच्या खाऱ्या हवेत, आयआरसी ११२ या काँक्रीट पुलांच्या कोडप्रमाणे मर्यादा ०.२ ची आहे, कव्हर ५० आणि काँक्रीट कमीत कमी एम-४०. गावाकडच्या कोरड्या हवेतल्या पुलाला ०.३ चालतं, इथे नाही. वाशीच्या खाडीवर पहिला पूल १९७३ ला झाला आणि १९९७ ला त्याच्या शेजारी दुसरा सुरू करावा लागला, आतल्या केबल गंजल्या हे त्यातलं मोठं कारण होतं, तेव्हा या पट्ट्यात काम करताना हा विषय आम्ही हलका घेत नाही.

इथे एक गोष्ट उघड सांगतो. कोड हा तड्यांचा चेक कायमच्या लोडवर मागतो. आम्ही तो गाडीचा लोड धरूनही करतो, त्यामुळे आमच्या डिझाइनमध्ये टॉपचं स्टील दुसऱ्यांपेक्षा थोडं जास्त किंवा बारीक पिचचं दिसतं आणि त्यावरून "तुमचं स्टील महाग पडतं" असं ऐकवलंही जातं. पण ७०-आरचा (डिझाइनसाठी कोडने ठरवलेल्या जड गाडीचा) एक अ‍ॅक्सल २० टनाचा असतो, म्हणजे एका बाजूला १० टन, त्यावर २५ टक्के इम्पॅक्ट (चालत्या गाडीचा धक्का), आणि जड गाड्यांची चाकं रोज त्याच जागेवरून जात राहतात. गर्डरच्या (डेक उचलणाऱ्या बीमच्या) डोक्यावर टॉपला तडा पडला की वेअरिंग कोटमधून (रस्त्याच्या वरच्या थरातून) झिरपलेलं पाणी थेट सळईवर जातं. तिथे दोन किलो वाचवायचे नाहीत, हे आमचं मत आहे आणि त्यावर आम्ही ठाम आहोत.

आता पिच बदलल्यावर बाकी काय काय हलतं ते सांगतो, कारण खरा वेळ तिथे जातो. मागच्या पावसाळ्याआधी दिवा गावाच्या बाजूला एका नाल्यावरच्या पुलाचं काम होतं, सोळा मीटर रुंद डेक, टॉपची आडवी जाळी १२ एमएम १०० वर दिलेली. साइटवर १६ एमएम १७५ वर बांधून टाकली, आम्हाला कळवलं नाही, भरायच्या आदल्या संध्याकाळी नुसतं बघायला बोलावलं. मी टेप लावली तर लॅप, म्हणजे दोन सळ्या एकमेकींवर चढवून बांधायची लांबी, ६००. ड्रॉइंगवर ६०० च लिहिलेलं होतं, फिटरने ते बरोबर पाळलं होतं, त्याची चूक शून्य. पण ६०० हे १२ चे पन्नास पट होते, १६ ला ८०० लागतात. पंधरा मीटरच्या स्पॅनमध्ये असे ८६ लॅप. शिवाय क्रॅश बॅरियरच्या (कडेच्या काँक्रीटच्या कठड्याच्या) उभ्या सळ्या आम्ही २०० च्या पिचवर दिल्या होत्या, म्हणजे टॉपच्या दर दुसऱ्या सळईला त्या बसतात, आता १७५ मध्ये एकही जागेवर येईना, पोरांनी त्या वाकवून वाकवून बांधल्या होत्या. रात्री दोन वाजेपर्यंत प्रत्येक लॅपवर १.६ मीटरचा जोडतुकडा घातला, मधल्या गाळ्यांत १० एमएमच्या जादा सळ्या घातल्या, बॅरियरचं स्टील सोडून परत बांधलं, आणि गाडी एक दिवस पुढे ढकलली. १२ एमएमसाठी दोन दिवस थांबले असते तर यापेक्षा स्वस्तात झालं असतं.

२० एमएम २७५ वर टाकू का असंही विचारतात. नाही, मेन सळ्यांचं पिच २५० च्या वर नेता येत नाही, एरिया कितीही येवो. तसंच एफई ५५०डी (५००डी पेक्षा जास्त ताकदीच्या ग्रेडचं स्टील) आलंय म्हणून ५००डी च्या हिशोबातलं स्टील कमी करू नका, ताकद वाढली तरी तड्यांना त्याचा उपयोग नाही, सळई जास्त ताणली जाते एवढंच.

उलटा बदल, म्हणजे जाड सळईच्या जागी बारीक आणि पिच जवळ, हा बहुतेक वेळा चालतो आणि आम्ही तो लगेच पास करतो, फक्त लॅपच्या जागी सळ्यांमधून काँक्रीट बसवायची व्हायब्रेटरची नीडल खाली उतरली पाहिजे. डिस्ट्रिब्युशनच्या (मेन सळ्यांना आडव्या बांधलेल्या) सळ्यांतही बऱ्यापैकी सूट असते. म्हणजे आम्ही उगाच अडवतो असं समजू नका, कुठली जाळी आणि कुठली दिशा हे कळलं की अर्ध्या केसेसमध्ये उत्तर हो असतं.

म्हणून बदल हवा असेल तर ड्रॉइंग नंबर आणि त्याची रिव्हिजन, टॉप की बॉटम, साइटवर कुठल्या मापाचं किती स्टील आहे, ग्रेड काय, आणि स्लॅब कधी भरायचाय, एवढं एका मेसेजमध्ये पाठवा. आम्ही एक दिवस मागतो. त्या एका दिवसात तड्यांचा चेक, लॅप, बॅरियरचं पिच आणि बीबीएस (सळ्यांच्या मापांचा तक्ता) सगळं बदलून सहीचं ड्रॉइंग देतो, जे तुम्ही क्लायंटच्या इंजिनियरला दाखवू शकता. फोनवरचा "हो" त्याला दाखवता येत नाही.

त्याहून सोपं म्हणजे डिझाइन द्यायच्या वेळीच तुमचा स्टॉक सांगा. १२ मिळणार नसेल तर आम्ही सुरुवातीपासून १६ आणि १० वर डिझाइन बसवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही, आणि मोठ्या कामांना ड्रॉइंगवरच पर्यायी सळ्यांचा तक्ता देतो, लॅपसकट. गेल्या वर्षीपासून ज्यांनी तो तक्ता घेतलाय त्यांचे असे फोन जवळपास बंद झालेत.

एक शेवटचं, खुर्च्यांचं, म्हणजे टॉपची जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळ्यांचं. टॉपच्या जाळीवर माणसं चालतात आणि ती २५ मिमी खाली बसते, स्लॅबच्या तळापासून सळईपर्यंतची १६७ ची खोली १४२ होते, म्हणजे १५ टक्के गेली, वरून काहीच दिसत नाही. खुर्च्या आमच्या बीबीएसमध्ये मोजून दिलेल्या असतात, त्या कमी करू नका. ठाण्यापासून पनवेलपर्यंत जाळी बघायची एक व्हिजिट डिझाइन फीमध्येच धरलेली आहे. फक्त टॉपची जाळी बांधायला घेतली की त्याच सकाळी कळवा, बांधून झाल्यावर नको, कारण तेव्हा बॉटमला हात पोचत नाही.