गाडी म्हातारी झाली म्हणून ऑईल जाड?

"दादा, दीड लाखाच्या पुढं गेली न्हवं गाडी? आता जाड ऑईल टाकायचं. आवाज पण बसतोय आणि धूर पण." साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका गॅरेजात मेस्त्रींनी हे सांगितलं, मी मान डोलावली, आणि माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५० गेलं. आवाज दुपारचा थोडा बसला. सकाळचा मात्र वाढला. धूर होता तिथंच राहिला.

जाड म्हणजे नेमकं किती, हे कळायला कराडकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर जावं. काहिलीतली गरम काकवी पळीतून पाण्यासारखी पडते, आणि तीच बाटलीत भरून थंडीत ठेवली की उलटी केली तरी खाली यायला वेळ घेते. ऑईलचंही तसंच, आणि फरक बराच मोठा. साधारण २०डब्ल्यू-४० ऑईलचा घट्टपणा ४० अंशांना शंभर-सव्वाशे सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असतो आणि १०० अंशांना चौदाच्या आसपास उतरतो. म्हणजे चालत्या इंजिनातलं ऑईल डब्यातल्या ऑईलपेक्षा आठेक पट पातळ झालेलं असतं. डब्यात बोट बुडवून 'हे जाड, हे पातळ' ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

डब्यावरचे दोन आकडे पुष्कळ जण चुकीचे वाचतात. थंड असताना २० आणि गरम झालं की ४०, म्हणजे तापल्यावर घट्ट होतं, असा समज आहे. तापल्यावर घट्ट होणारं इंजिन ऑईल नसतं. हे दोन वेगळ्या परीक्षांचे गुण आहेत. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा शून्याखालच्या थंडीतला: २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना, १०डब्ल्यूची उणे २५ला, ५डब्ल्यूची उणे ३०ला. नंतरचा आकडा १०० अंशांचा. एसएई, म्हणजे ऑईलचे हे आकडे ठरवणारी इंजिनिअरांची संस्था, तिच्या तक्त्यात ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १६.३ पर्यंत, ५० म्हणजे २१.९ पर्यंत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी आपल्याकडे उणे १५ होत नाही, त्यामुळे २०डब्ल्यू चालतं. पण दहा अंशांच्या सकाळीही ते ५डब्ल्यूपेक्षा घट्टच असतं आणि इंजिनाच्या वरच्या टोकाला, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटपर्यंत, उशिरा पोचतं. माझा सकाळचा टकटकाट तो.

एकच ऑईल दोन्ही परीक्षा पास कसं होतं? त्यात लांबलचक रेणूंचे पॉलिमर मिसळलेले असतात. थंडीत गोधडीत मुटकुळं करून झोपलेलं पोर उकडायला लागलं की हातपाय पसरतं, तसे हे रेणू तापल्यावर उलगडतात आणि ऑईल फार पातळ होऊ देत नाहीत. मात्र ते दाबाखाली तुटतातही. मोटारसायकलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑईल, त्यामुळे तिथं गिअरच्या दातांत जास्तच. (मोटारसायकलला कारचं ऑईल घालू नये याचं कारण वेगळं: क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो आणि काही कार ऑईलनं तो घसरतो. डब्यावर जासो एमए, म्हणजे अशा क्लचला चालणाऱ्या ऑईलची जपानी खूण, लिहिलंय का बघावं.)

पण मुळात घट्टपणा हवा कशाला? १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर रेल्वेच्या आसाच्या (ॲक्सलच्या) बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑईल सोडायला त्यानं बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर ऑईल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. फिरणारा आस ऑईलला स्वतःच फटीत ओढून घेत होता आणि वरचं बेअरिंग त्या दाबावर तरंगत होतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. आपल्या क्रँकच्या बेअरिंगमध्ये हेच घडतं, केसापेक्षा बारीक फटीत. फट, वेग आणि घट्टपणा यांचं जमलं की धातूला धातू लागत नाही.

गाडी जुनी होते म्हणजे ही फट वाढते. मग ऑईल बाजूनं लवकर निसटतं, गरम इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं चालू, असताना ऑईलचं प्रेशर उतरतं. अशा वेळी एक पायरी जाड ऑईल, म्हणजे ३० च्या जागी ४०, खरोखर मदत करतं. तेवढं मेस्त्रींचं बरोबर. पण प्रेशर म्हणजे वंगण नव्हे. घट्ट ऑईल ढकलायला अडतं म्हणूनही प्रेशर वाढतं, आणि फार वाढलं की पंपाचा व्हॉल्व्ह उघडून ऑईल तसंच परत जातं. शिवाय किलोमीटर सगळ्या गाड्यांना सारखे झिजवत नाहीत. सातारा-पुणे हायवेवर झालेले दीड लाख आणि सांगलीच्या बाजारात, सतत थांबत-सुटत झालेले दीड लाख यांत फार अंतर आहे. म्हणून मी आता मीटर बघत नाही, डिपस्टिक बघतो: सपाट जागी, थंड इंजिनावर, फुलच्या खुणेपासून हजार किलोमीटरला किती उतरलं.

धूर कधी येतो हेही बघावं. खंबाटकी चढताना, पाय दाबलेला असताना निळा धूर सतत येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. पसरणी घाट ॲक्सिलरेटर सोडून उतरलात, वाईत येऊन पाय दिला आणि भक्कन निळा ढग आला, तर व्हॉल्व्हचे ऑईल सील कडक झालेत. उतारावर पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, ओढ तयार होते आणि सीलमधून ऑईल आत शोषलं जातं. कडक झालेलं रबर जाड ऑईलनं मऊ होत नाही. जास्त चाललेल्या गाड्यांसाठी हाय मायलेज म्हणून मिळणाऱ्या ऑईलमध्ये रबर थोडं फुगवणारी द्रव्यं असतात, झिरपण्यावर त्यांचा थोडाफार उपयोग होतो, फाटलेल्या सीलवर नाही.

माझी गाडी दुसऱ्या जातीची निघाली. सील बदलले, २०डब्ल्यू-५० काढून टाकलं आणि मॅन्युअलमधल्या तक्त्यात आपल्या हवेला चालणारं, सगळ्यात जाड म्हणून दिलेलं १०डब्ल्यू-४० घातलं. सकाळचा टकटकाट आता तीन-चार सेकंदांत थांबतो. गेल्या हजार किलोमीटरला डिपस्टिकवर बोटभरही उतरलं नाही.