चिखलाची उंची आणि मागची जागा

ठाण्याच्या खाडीतलं कांदळवन हवामान बदलात टिकेल का, असं विचारलं की पहिला प्रश्न येतो समुद्राचा: पाणी किती चढणार? पाणथळ जागांचा धोका मोजणारे शास्त्रज्ञ त्याबरोबरच चिखलाकडेही पाहतात. हा चिखलसुद्धा चढत असतो. भरतीबरोबर आलेला गाळ तिवरांच्या श्वसनमुळांत अडकतो, खाली मुळं वाढत राहतात आणि जमीन वर्षाला काही मिलिमीटर वर येते.

ही वाढ मोजण्याची रीत मला फार आवडते. एक पोलादी सळई चिखलात ठोकत न्यायची, ती आणखी खाली जाईनाशी होईपर्यंत. तिच्यावर आडवा दांडा बसवायचा, त्यातल्या बारीक काड्या चिखलाला टेकवायच्या आणि उंची वाचायची. तीच जागा, वर्षानुवर्षं. शेजारी पांढऱ्या खनिजाची पूड पसरून ठेवतात. पुढे तिथला तुकडा कापला की पुडीवर किती गाळ बसला ते दिसतं. समजा, गाळ 5 मिलिमीटर बसला पण उंची 3 मिलिमीटरच वाढली, तर जमीन आतून 2 मिलिमीटर दबली. नुसता गाळ मोजला तर हे कळत नाही.

2006 ते 2018 या काळात जगाची समुद्रपातळी वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढली. गेल्या दहा हजार वर्षांच्या गाळाच्या नोंदींवरून 2020 साली मांडलेला निष्कर्ष असा, की हा वेग 6 ते 7 मिलिमीटरच्या पुढे गेला तर कांदळवन बहुधा तग धरत नाही.

तेव्हा झाडांना जमिनीकडे सरकावं लागतं. खाडीच्या एका काठाला मुंबईची पूर्व उपनगरं, दुसऱ्या काठाला नवी मुंबई; मागे रस्ते, भराव, इमारती. म्हणून भांडुप-कांजूरकडची मिठागरं मला इतकी मोलाची वाटतात. सपाट, सखल अशी ती जागा कांदळवनाच्या पाठीशीच आहे. तिथे भराव पडला तर मागे सरायची वाट बंद होईल.

2022 साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळालेल्या या खाडीत कांदळवन गेल्या काही दशकांत उघड्या चिखलावरही पसरलं आहे. उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग वाढलेला दिसतो, पण फ्लेमिंगो चरतात उघड्या चिखलावर. केवळ झाडांचं क्षेत्रफळ पाहून खाडी सुरक्षित ठरवणं मला पटत नाही. चिखलपट्ट्यांची रुंदी आणि उंची वेगळी मोजायलाच हवी.