22 सामन्यांचा हंगाम : ऑस्ट्रेलियाच्या महिला फुटबॉल लीगची पार्श्वभूमी

14 ऑक्टोबर 2023. सिडनीतलं अलायन्स स्टेडियम. सिडनी एफसी विरुद्ध वेस्टर्न सिडनी वाँडरर्स, म्हणजे एकाच शहरातले दोन प्रतिस्पर्धी. 'ए-लीग विमेन'च्या नव्या हंगामाची सुरुवात होती आणि मैदानात 11,471 प्रेक्षक आले होते. पुरुषांच्या सामन्याला न जोडता स्वतंत्रपणे खेळवलेल्या साखळी सामन्याला या लीगमध्ये त्याआधी कधीच इतकी माणसं आली नव्हती.

गर्दीचं कारण उघड होतं. दोनच महिन्यांपूर्वी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये विश्वचषक झाला होता आणि अख्खा देश 'मटिल्डाज'च्या, म्हणजे आपल्या महिला संघाच्या, प्रेमात पडला होता. पण या हंगामातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा आकडा प्रेक्षकांचा नाही. तो आहे 22. बारा संघ, प्रत्येकाने उरलेल्या अकरा जणांशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळायचं. पुरुषांच्या लीगमध्ये कुणाला सांगावीही लागत नाही इतकी साधी गोष्ट. महिलांच्या लीगला ती मिळायला पंधरा वर्षं लागली. पहिल्या हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साखळीचे जेमतेम 10 सामने आले होते.

सामने किती, हा प्रश्न वरवर वेळापत्रकाचा वाटतो. खरं तर तो पोटापाण्याचा आहे. वर्षातले तीनच महिने फुटबॉल असेल तर उरलेले नऊ महिने खेळाडूने काय करायचं? या लीगचा सगळा इतिहास त्या उरलेल्या महिन्यांभोवती फिरतो.

ऑस्ट्रेलियात बायकांचं फुटबॉल नवं नाही. 24 सप्टेंबर 1921 रोजी ब्रिस्बेनच्या गॅबावर, आपण क्रिकेटमुळे ओळखतो त्याच गॅबावर, नॉर्थ ब्रिस्बेन आणि साउथ ब्रिस्बेन या महिला संघांचा सामना झाला. नॉर्थने तो 2-0 असा जिंकला. बघायला सुमारे 10,000 लोक आले होते. म्हणजे 2023 मध्ये ज्या गर्दीचा विक्रम झाला, जवळपास तेवढी गर्दी 102 वर्षांपूर्वीही होती! पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं महिलांना बंद केली आणि त्याचे पडसाद ऑस्ट्रेलियातही उमटले. पुढची अनेक दशकं हा खेळ कडेकडेने चालू राहिला.

देशपातळीवरची घडी 1974 मध्ये बसली. महिला सॉकर संघटना स्थापन झाली आणि राज्या-राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा सिडनीत सुरू झाली. 1979 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, 2-2 असा बरोबरीत सुटला. कर्णधार होती ज्युली डोलन, वय अवघं 18. आज लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतं ते पदक तिच्याच नावाचं.

पहिली खरी राष्ट्रीय लीग 1996 मध्ये आली, विमेन्स नॅशनल सॉकर लीग. त्यातले संघ क्लबांचे नव्हते, राज्यांचे होते. हंगाम छोटा, पैसा नाही. 2004 मध्ये ती गुंडाळली गेली आणि पुढची चार वर्षं देशात महिलांसाठी राष्ट्रीय लीगच नव्हती. आश्चर्य असं की याच काळात राष्ट्रीय संघ मात्र वर चढत होता. ऑस्ट्रेलिया 2006 मध्ये ओशनिया सोडून आशियाई महासंघात आला, 2007 च्या विश्वचषकात मटिल्डाजनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. घरी लीग नसताना!

ऑक्टोबर 2008 मध्ये 'डब्ल्यू-लीग' सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. पुरुषांची ए-लीग 2005 पासून चालू होती. तिच्याच क्लबांच्या नावाने आणि रंगाने महिलांचे संघ उभे करायचे, अशी कल्पना. सिडनी, मेलबर्न व्हिक्टरी, पर्थ ग्लोरी, अॅडलेड, न्यूकॅसल, सेंट्रल कोस्ट मरिनर्स आणि क्वीन्सलँड रोअर. आठवा संघ कॅनबेरा युनायटेड. तो मला नेहमी विशेष वाटतो. कॅनबेराला पुरुषांचा ए-लीग संघ नव्हताच, हा क्लब फक्त महिलांचा म्हणून जन्मला. आठवड्याला एक सामना एबीसी वाहिनीवर दिसायचा. ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झालेली स्पर्धा जानेवारीत संपली. अंतिम सामन्यात क्वीन्सलँड रोअरने कॅनबेराला 2-0 असं हरवलं.

त्या पहिल्या हंगामात पर्थकडून पंधरा वर्षांची एक मुलगी खेळत होती, सॅम कर. तिचे वडील रॉजर कोलकात्यात जन्मलेले, आजी भारतीय. म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव अर्धं-मुर्धं आपल्याकडचंही आहे. सॅम लहानपणी फुटबॉल नव्हे तर 'फूटी' खेळायची, लंबगोल चेंडूचा तो खास ऑस्ट्रेलियन खेळ. वडीलही त्यातलेच. पण बारा वर्षांची झाल्यावर मुलांबरोबर फूटी खेळणं बंद झालं आणि ती फुटबॉलकडे वळली. पंधराव्या वर्षी लीग, पंधराव्याच वर्षी राष्ट्रीय संघ, आणि 2010 मध्ये सोळा वर्षांची असताना आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात गोल. ऑस्ट्रेलियाने तो चषक उत्तर कोरियाला पेनल्टींवर हरवून जिंकला.

लीग मात्र लहानच राहिली. सेंट्रल कोस्ट मरिनर्सने 2009 च्या हंगामात साखळीत वरचं स्थान मिळवलं होतं, तरी पैशांअभावी त्यांचा महिला संघ बंद झाला. मैदानावर चांगलं खेळणं पुरेसं नसतं, हे त्या मुलींना फार लवकर कळलं. सुरुवातीच्या काळात किमान वेतनाचा नियमच नव्हता. काही जणींच्या हातात प्रवासखर्चापलीकडे फारसं पडत नसे.

मग खेळाडूंनी स्वतःच एक वाट काढली. ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो तेव्हा अमेरिकेत थंडी. दोन्हीकडच्या हंगामांची वेळ एकमेकांत बरोबर बसत होती. त्यामुळे सॅम करसारख्या खेळाडू इथला हंगाम संपवून विमानाने अमेरिकेला जायच्या, तिकडचा संपवून परत यायच्या. अमेरिकेतल्या क्लबांकडून परदेशी खेळाडू उसन्या इकडे यायच्या. 2015-16 मध्ये नव्याने आलेल्या मेलबर्न सिटीने स्कॉटलंडची किम लिटल आणि वेल्सची जेस फिशलॉक यांना घेऊन साखळीतले 12 पैकी 12 सामने जिंकले आणि विजेतेपदही पटकावलं. बघायला झकास. पण बारा महिने सुट्टीविना दोन खंडांत खेळणाऱ्या पायांचं काय होत असेल, याचा विचार आपण प्रेक्षक क्वचितच करतो.

वेतनाचा प्रश्न 2015 मध्ये फुटला. त्या वर्षीच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने बाद फेरीत ब्राझीलला 1-0 हरवलं होतं. विश्वचषकाच्या बाद फेरीतला सामना जिंकणारा तो ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ, पुरुष आणि महिला दोन्ही धरून. आणि या खेळाडूंचा राष्ट्रीय संघाचा करार होता वर्षाला 21,000 ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचा दौरा ठरलेला होता, विश्वविजेत्यांशी, भरलेल्या मैदानांवर. संघाने जायला नकार दिला. संप केला आणि दौरा रद्द झाला. माझ्या मते आजच्या लीगचा खरा पाया या नकारात आहे.

दुसरा धक्का बाहेरून आला. फेब्रुवारी 2017 मध्ये महिलांची फूटी लीग, एएफएलडब्ल्यू, सुरू झाली. मेलबर्नमधल्या पहिल्याच सामन्याला 24,568 लोक आले, दरवाजे बंद करावे लागले. मटिल्डाजची गोलरक्षक राहिलेली ब्रियाना डेव्ही फुटबॉल सोडून तिकडे गेली. चांगल्या मुली दुसऱ्या खेळाकडे निघाल्या की हिशेब बदलतात. त्याच वर्षी डब्ल्यू-लीगमध्ये पहिल्यांदा किमान वेतन ठरलं, हंगामाला 10,000 डॉलर्स.

पण तोवर युरोप जागा झाला होता. इंग्लंडच्या क्लबांनी महिला संघांत पैसा ओतायला सुरुवात केली. सॅम कर 2019 च्या अखेरीस चेल्सीशी करारबद्ध झाली आणि तिच्यामागोमाग बाकीच्या. युरोपचा हंगाम ऑस्ट्रेलियाच्या हंगामाशी टकरावतो, त्यामुळे दोन्हीकडे खेळण्याची सोय संपली. मटिल्डाजच्या बहुतेक नावाजलेल्या खेळाडू लीगमधून निघून गेल्या. हे नुकसान होतंच, पण रिकाम्या जागी सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना संधी मिळाली. एप्रिल 2021 मधला अंतिम सामना आठवा. मेलबर्न व्हिक्टरी आणि सिडनी, जादा वेळेतही 0-0, पेनल्टी शूटआउटला काही क्षण बाकी. एकोणीस वर्षांच्या कायरा कूनी-क्रॉसने कॉर्नर घेतला आणि चेंडू वळत वळत थेट जाळ्यात. दोन वर्षांनी ती इंग्लंडच्या आर्सेनल क्लबमध्ये होती.

2021-22 पासून लीगचं नाव 'ए-लीग विमेन' झालं. न्यूझीलंडचा वेलिंग्टन फिनिक्स आला, पुढच्या वर्षी वेस्टर्न युनायटेड आला, आणि सामने 14 वरून 18 वर गेले.

या मधल्या काळात मटिल्डाज आपल्या दारातही येऊन गेल्या. 2022 चा महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला 18-0 असं धुतलं. सॅम करने पाच गोल केले आणि पुरुष संघातल्या टिम केहिलचा 50 आंतरराष्ट्रीय गोलांचा ऑस्ट्रेलियन विक्रम मोडला, तोही आजीच्या देशात. मात्र नऊ दिवसांनी बालेवाडीत दक्षिण कोरियाने त्यांना 1-0 असं घरी पाठवलं. दीड वर्षावर मायदेशातला विश्वचषक आणि संघ उपांत्यपूर्व फेरीत गारद. त्या संध्याकाळी पुढच्या वेडाची कल्पना कुणी केली नसती.

त्यातच डिसेंबर 2022 मध्ये लीग चालवणाऱ्या ऑस्ट्रेलियन प्रोफेशनल लीग्ज या संस्थेने पुढच्या तीन वर्षांचे पुरुष आणि महिलांच्या अंतिम सामन्यांचं यजमानपद सिडनी शहराला विकून टाकलं. अंतिम फेरीत पोचलेल्या दोघांपैकी साखळीत वर असलेला संघ अंतिम सामन्याचा यजमान, ही चाहत्यांच्या दृष्टीने पवित्र रीत. मेलबर्नपासून पर्थपर्यंत निषेध झाला, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला.

आणि मग विश्वचषक. 12 ऑगस्ट 2023, ब्रिस्बेन, फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. 120 मिनिटांत गोल नाही. शूटआउटमध्ये दोघांच्या पाच-पाच पेनल्टी झाल्या, मग सहा, सात, आठ, नऊ. ऑस्ट्रेलियाची दहावी पेनल्टी घ्यायला आली कोर्टनी व्हाइन. त्या संघात बहुतेक जणी युरोपातल्या क्लबांच्या होत्या. व्हाइन सिडनी एफसीची, घरच्या लीगमध्ये राहिलेल्या मोजक्यांपैकी एक. चेंडू ठेवला, धावली, जाळ्यात. 7-6. चार दिवसांनी इंग्लंडविरुद्धचा उपांत्य सामना ऑस्ट्रेलिया 3-1 हरली, पण तो सेव्हन वाहिनीवर सरासरी 70 लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्या सुमारे 2.6 कोटी, हे लक्षात घ्या.

तेव्हा ऑक्टोबरमध्ये अलायन्स स्टेडियमवर आलेले अनेक लोक व्हाइनला प्रत्यक्ष बघायला आले होते, असं म्हटलं तर चूक ठरू नये. 2023-24 च्या हंगामात 12 संघ, 22 सामने आणि 35 आठवड्यांच्या करारासाठी किमान 25,000 डॉलर्स. आधीपेक्षा खूप जास्त, आणि तरीही एवढ्यावर सिडनीसारख्या महागड्या शहरात घरभाडं भरून जगणं अवघड. अनेक जणी नोकरी सांभाळून संध्याकाळी सरावाला येत होत्या. हंगाम ऐन रंगात असताना, जानेवारीत, लीग चालवणाऱ्या संस्थेने आपले निम्म्याच्या आसपास कर्मचारी कमी केले. तिजोरीची अवस्था सगळ्यांना दिसली.

मैदानावर मात्र हा हंगाम भरभरून देऊन गेला. मरिनर्स चौदा वर्षांनी परतले आणि थेट उपांत्य फेरीत पोचले. कॅनबेराची मिशेल हेमन वयाच्या पस्तिशीत सर्वाधिक 17 गोल करून गेली, सॅम करचा लीगमधला 70 गोलांचा विक्रम तिने मागे टाकला. राष्ट्रीय संघातून 2019 मध्येच निवृत्त झालेली हेमन त्या फॉर्मवर परत बोलावली गेली आणि फेब्रुवारीत उझबेकिस्तानविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच तिने चार गोल केले. पूर्ण हंगामभर मिळून प्रेक्षकांचा आकडा तीन लाखांच्या वर गेला.

साखळीत मेलबर्न सिटी पहिली, त्यामुळे 4 मे 2024 चा अंतिम सामना मेलबर्नलाच झाला. सिडनीने तो शे हॉलमनच्या एकमेव गोलावर जिंकला. त्यांचं हे पाचवं विजेतेपद. काही महिन्यांनी व्हाइन अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना करेजकडे गेली.

22 चा आकडाही फार टिकला नाही. 2025-26 च्या हंगामाआधी वेस्टर्न युनायटेड आर्थिक अडचणीत सापडला आणि त्याचा महिला संघ स्पर्धेबाहेर गेला. त्या हंगामात संघ उरले अकरा, आणि अकरा संघ एकमेकांशी दोनदा खेळले की प्रत्येकाच्या वाट्याला येतात 20 सामने.